बिनवासाचं फरशी-क्लीनर: दम्याच्या छातीने दिलेला अभिप्राय

मला नवव्या वर्षापासून दमा आहे. त्यामुळे साफसफाईची कुठलीही नवी बाटली घरात आली की डाग निघतात का, हे मी नंतर बघते. आधी झाकण उघडल्यावर घसा खवखवतो का ते बघते. या बिनवासाच्या, बिनरंगाच्या लिक्विडच्या तीन बाटल्या संपवल्यावर लिहितेय, म्हणजे पुरेसं वापरून झालंय.

याआधी बाथरूमसाठी लिंबाच्या वासाचा स्प्रे होता. एका दुपारी दार लोटून टाइल्सवर तो मारला आणि घासायला खाली वाकले. आधी नुसता ठसका लागला. मग छाती आवळत गेली आणि श्वास सोडताना घरघर ऐकू यायला लागली. हातातला ब्रश तिथेच टाकून बाहेर आले, स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून इनहेलरला जोडायची नळी) लावून इनहेलर घेतला. माझा पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वास किती वेगाने बाहेर पडतो त्याचा मीटरवरचा आकडा, एरवी ३८० असतो, त्या संध्याकाळी २५० आला. पूर्ववत व्हायला तीन दिवस गेले. तेव्हापासून घरात पिचकारीची बाटली नाही.

कारण सरळ आहे. फडक्यावर ओतलेलं लिक्विड बरंचसं फडक्यातच राहतं, पण स्प्रेचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि आपण ते ओढून घेतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात १० देशांतल्या, घरची साफसफाई स्वतः करणाऱ्या साडेतीन हजार लोकांची पाहणी होती. आठवड्यातून एकदा जरी स्प्रे वापरला तरी दम्याची लक्षणं जास्त आढळली. स्प्रे नसलेल्या क्लीनरांबाबत तसं दिसलं नाही. वासाचंही तेच. लिंबा-संत्र्याच्या वासातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावलं की फॉर्माल्डिहाइड हा श्वासनलिकांना त्रास देणारा वायू तयार होतो. ज्याला आपण स्वच्छतेचा वास म्हणतो, तो माझ्या श्वासनलिकांना नकोच असतो.

आता हे लिक्विड. अर्ध्या बादलीला एक झाकण पुरतं. पुसताना ओल्या फडक्याचा येईल तेवढाच वास. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी दोनदा विचारलं, "अगं, आज फरशी पुसलीस ना? वास नाही आला काही." त्यांना सवय व्हायला वेळ लागला. माझ्या डायरीत मात्र फरक स्पष्ट आहे: पूर्वी साफसफाईच्या दिवशी संध्याकाळचा पीक फ्लो तीस-चाळीसने उतरायचा, आता उतरत नाही. रोजचा इनहेलर अर्थातच चालू आहे, तो कुणी या बाटलीच्या भरवशावर बंद करू नये.

घेताना पुढचं लेबल वाचून थांबू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. काही 'अनसेंटेड' (बिनवासाच्या) म्हणवणाऱ्या बाटल्यांत मूळचा वास दाबायला दुसरा सुगंध घातलेला असतो. या बाटलीच्या घटकांत सुगंध नाही आणि बेन्झाल्कोनियम क्लोराइडही नाही. हे दुसरं नाव जंतुनाशकांत बऱ्याचदा सापडतं आणि त्याने दमा उद्भवल्याची नोंद आहे. 'नैसर्गिक' या शब्दालाही मी भुलत नाही. निलगिरी आणि पाइनच्या तेलाचा क्लीनर वापरून बघितला होता, त्यानेही मला तितकीच धाप लागली.

उणिवा आहेत. शेगडीभोवतीचा चिकट थर एका हातात निघत नाही. गरम पाणी आणि दोनदा घासणं आलंच. नळावरचे क्षाराचे पांढरे डाग याने जात नाहीत. त्यासाठी मी सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून फडकं भिजवते, नळाला वीस मिनिटं गुंडाळून ठेवते आणि पुसते. व्हिनेगर बरेच जण सुचवतात, पण त्याचा उग्र दर्प मला सोसत नाही. शिवाय व्हिनेगर काय, सायट्रिक आम्ल काय किंवा कमोडचं ॲसिड काय, ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरिन वायू निघतो. धडधाकट माणसालाही तो घातक, मग आपलं काय होईल! कृपा करून आम्लाची आणि ब्लीचची बाटली शेजारीसुद्धा ठेवू नका.

हे जंतुनाशक नाही, हेही ध्यानात असू द्या. रोजच्या धुळीला, डागांना तेवढं पुरतं. मध्ये मुलाला उलट्या झाल्या तेव्हा ब्लीच लागलंच. नवऱ्याने ते पाण्यात कालवलं, खिडक्या उघडल्या, सगळं पुसलं आणि वास जाईपर्यंत मला आत येऊ दिलं नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा हजारांहून जास्त लोकांचा २० वर्षांचा मागोवा मांडला. साफसफाई करणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची क्षमता इतर बायकांपेक्षा वेगाने घटत गेली होती. माझ्या आईला दमा नाही, पण बाथरूम धुऊन आली की ती हमखास खोकायची आणि आम्ही "पाणी पी गं" म्हणून मोकळे व्हायचो. या लिक्विडची एक बाटली मी तिलाही नेऊन दिली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो झाकणासाठी. त्यावर मापाची खूण नाही, ओतताना लिक्विड बाहेरून ओघळतं, आणि बादलीत थोडं जास्त पडलं तर फरशी वाळेपर्यंत निसरडी राहते. सासूबाई घरात फिरत असतात, म्हणून मी आता औषधाच्या मापाने मोजूनच घालते.