सॅम्पल त्याने शिवलंच नव्हतं

४०० टी-शर्ट, नगाला २१० रुपये, एकूण ८४,००० रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे माल निघताना. आकडा आधीच सांगते, कारण या ऑर्डरमध्ये मी फसले हे ज्याला सांगावं तो म्हणतो, "स्वस्त बघून गेलीस ना?" नाही गेले. बाकी दोन पुरवठादारांनी २२५ आणि २४० सांगितले होते. फरक डोळ्यावर यावा एवढा नव्हताच.

ठसठशीत मराठी शब्द छापलेले टी-शर्ट काढायचे, पाडव्याला ठाण्यातल्या कौपिनेश्वराच्या शोभायात्रेत आमच्या गटाने ते घालायचे आणि पुढे गावदेवी मैदानातल्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा, असा बेत होता. साधे टी-शर्ट बाहेरून घ्यायचे आणि छपाई वागळे इस्टेटमध्ये करायची. पुरवठादार फोनवरच भेटला. तमिळनाडूत तिरुपूरला स्वतःची फॅक्टरी, २२० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), बायोवॉश (कापड मऊ करणारी धुलाई), सगळं घडाघडा बोलायचा. सॅम्पलचे ५०० रुपये मागितले आणि चार दिवसांत कुरिअर दारात.

सॅम्पल खरंच देखणं होतं. जाड तरी मऊ, गळ्याची रिब घट्ट, शिलाई सरळ. आईने ब्लाउज शिवून घर चालवलंय, त्यामुळे तिने आधी ते उलटं केलं. मानेच्या आत बोट फिरवून म्हणाली, "इथे टाक्यांची भोकं आहेत गं. आधी काहीतरी लावलेलं होतं." मी म्हटलं, साइझचा टॅग असेल. ती भोकं कुणाच्या तरी उसवलेल्या लेबलाची होती. दुसऱ्याच कुणाचा तयार टी-शर्ट विकत घेऊन, लेबल काढून, त्याने मला "आमचं सॅम्पल" म्हणून पाठवला होता. हे कळलं तोवर ८४,००० गेले होते.

उरलेले ४२,००० देण्याआधी मी व्हिडिओ मागितला, एवढी सावध होते बरं का. त्याने बंद खोके दाखवले, वर माझं नाव लिहिलेलं. एक खोका उघडून दाखव, हे काही तोंडातून निघालं नाही. पाडव्याला अठरा दिवस उरले होते.

माल आला तो थेट छपाईला गेला. प्रिंटवाल्या दादांनी एक नग उजेडाकडे धरला आणि मला फोन केला, "ताई, पलीकडचा पंखा दिसतोय यातून." मी रिक्षाने पोचले. कापडाचं वजन तपासायला त्यांच्याकडे गोल कटर नव्हता, पण त्यांनी घरगुती युक्ती सांगितली: दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापायचा, ग्रॅममध्ये वजन करायचं, शंभरने गुणायचं. चौकोन घेऊन जांभळी नाक्यावरच्या आमच्या सोनाराकडे गेले. काट्यावर १.५ ग्रॅम. म्हणजे १५० जीएसएम. सॅम्पलचा चौकोन असता तर २.२ भरायला हवा होता. सोनाराने विचारलं, "हे काय, सोनं सोडून कापड?" मला हसूही येईना.

घरी दोन नग धुतले. बगलेखालची शिलाई पिळून पोटावर आली आणि २८ इंचांची लांबी २६ वर. उल्हासनगरच्या एका कटिंग मास्तरांना दाखवले तर त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला: सेकंडचा माल. फॅक्टरीने नाकारलेला, वेगवेगळ्या लॉटमधला. म्हणून तर पांढऱ्याच्या तीन छटा होत्या.

आता बिल बाहेर काढलं. जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता. २७ म्हणजे महाराष्ट्र. तमिळनाडूचा कोड ३३. इथे शाखा असू शकते, पण मी विचारलं तरी असतं ना! जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला, त्याला लॉगिनही लागत नाही. नोंदणी रद्द, आणि तीही माझ्या ऑर्डरच्या आधीपासून. नोंदणीतलं नाव वेगळं, मी पैसे पाठवले ते खातं तिसऱ्याच्याच नावाचं. आगाऊ रक्कम पाठवण्याआधी हे दोन मिनिटांत दिसलं असतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. चौकीत पहिला प्रश्न, "माल मिळालाय ना? मग हा व्यवहाराचा वाद." ग्राहक आयोगाकडे जावं म्हटलं तर वकील काकांनी थांबवलं: पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा खरेदीदार कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच नाही. दिवाणी दावा उरतो, पण तो कुणावर लावायचा? नोटीस पाठवली तर "पत्ता अपूर्ण" शेरा मारून परत आली. फोन तर तेव्हापासून बंदच.

आता मी कापड स्वतः घेते आणि उल्हासनगरला शिवून घेते. ऑर्डरच्या कागदावर जीएसएम, लांबी आणि आटण्याची मर्यादा लिहिते. मंजूर सॅम्पलवर दोघांच्या सह्या करून एक माझ्याकडे, एक मास्तरांकडे. उरलेले पैसे खोका उघडून, आपल्या हाताने चार नग काढून पाहिल्यावरच. मास्तर चेष्टा करतात, करू देत.

त्या ४०० पैकी बरेचसे ५० रुपयांना गेले, काही नातेवाइकांकडे झोपायचे कपडे म्हणून. सॅम्पल मात्र मी अजून घालते. इतक्या धुण्यांनंतरही गळा ढिला पडलेला नाही. ते मूळचं कुणाचं होतं हे कळलं असतं, तर ऑर्डर त्यालाच दिली असती.