नोंदणी पुढे ढकलणारा भागीदार

छोटी सॉफ्टवेअर कंपनी वाढू लागली की विक्रीची बाजू सांभाळणारा भागीदार लागतो, आणि पुण्यात तो शोधायला लांब जावे लागत नाही; ओळखीतून कोणीतरी पुढे येतेच. माझ्याकडे आलेले गृहस्थ असेच आले होते. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे त्यांचे नाव येथे देत नाही. पण त्यांनी सारा व्यवसाय ज्या पद्धतीने हळूहळू आपल्या नावावर करून घेतला, ती पद्धत सविस्तर लिहिते, कारण ती त्यांनी माझ्याआधीही एकाबाबत वापरली होती आणि उद्या आणखी कोणाबाबत वापरली जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते.

आमचे सॉफ्टवेअर भोसरी आणि चाकण भागातील लहान कारखान्यांसाठी होते. जॉबवर्कला, म्हणजे प्रक्रियेसाठी दुसऱ्या कारखान्यात, पाठवलेला कच्चा माल जीएसटी कायद्यानुसार एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो माल त्या कारखान्याला पुरवला असे धरले जाऊन त्यावर कर लागतो. कोणत्या चलनावरचा (मालासोबत जाणाऱ्या कागदावरचा) किती माल अजून बाहेर आहे याचा हिशेब आमची प्रणाली ठेवत असे आणि मुदत जवळ आली की मालकाला कळवत असे. आजवर हे सगळे वहीत टिपून ठेवणाऱ्या मंडळींना तिचा उपयोग पटवून द्यावा लागत नव्हता, त्यामुळे ग्राहक भराभर मिळत गेले.

भागीदारीचा करार मुद्रांकावर झाला, नोटरीही झाली. फर्मच्या नोंदणीचा विषय निघाला की मात्र, "मॅडम, नोंदणी काय, केव्हाही होईल, आधी धंदा उभा राहू द्या," हे उत्तर ठरलेले असे. या दिरंगाईचा अर्थ पुढे वकिलांकडे गेल्यावर उलगडला. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातील हक्कांसाठी दुसऱ्या भागीदारावर दावा लावता येत नाही. फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याचा मार्ग तेवढा खुला राहतो. उलट, त्याच कायद्याच्या कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्यांना प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि व्यक्तिशःही जबाबदार असतो. म्हणजे त्यांनी फर्मच्या नावे ग्राहकांकडून घेतलेल्या आगाऊ रकमा ग्राहक माझ्याकडे मागू शकतात, आणि मागत आहेत.

मोबाइल ॲप बाहेरच्या प्रोग्रॅमरकडून करून घेतले होते. पैसे फर्मच्या खात्यातून गेले, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली केवळ पैसे दिल्याने कोडची मालकी मिळत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळा करार नसल्यास, मालकाचे ठरते. कंत्राटावर लिहिलेल्या कोडचा हक्क मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत लिहिणाऱ्याकडेच राहतो. या गृहस्थांनी ते लेखी हस्तांतर करून घेतले, पण फर्मच्या नव्हे, स्वतःच्या दुसऱ्या व्यवसायाच्या नावे.

नंतर एका सकाळी भोसरीच्या एका कारखानदारांचा फोन आला. "ताई, लॉगिनच्या पानावर तुमचं नाव दिसत नाहीये, कुठली तरी दुसरीच कंपनी आलीय. बिलपण त्यांचंच आलंय." मी सर्व्हरवर जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा पासवर्ड बदललेला होता आणि ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जात होता. डोमेन आणि क्लाउडचे खाते त्यांच्या खासगी ईमेलवर काढलेले होते. दरमहा भाडे फर्म भरत होती, ताबा त्यांचा होता. बँकेत दोघांपैकी कोणा एकाची सही चालत असल्याने तेथील शिल्लकही त्याच आठवड्यात गेली.

भागीदार होऊ पाहणाऱ्या माणसाबद्दल बरीच माहिती उघडपणे मिळते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्याही कंपनीचे संचालक, तिच्यावरील कर्जाचे बोजे आणि शेवटचा ताळेबंद कधी दाखल झाला हे पाहता येते. सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र न भरणाऱ्या कंपनीचे संचालक २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव घालून त्याच्यावरील दावे शोधता येतात, आणि जीएसटी क्रमांकावरून विवरणपत्रे वेळेवर भरली जातात की नाही तेही दिसते. परंतु माझ्या मते या सगळ्यापेक्षा मोलाची भेट असते ती पूर्वीच्या भागीदाराची. जो माणूस आपल्या जुन्या भागीदारांबद्दल वाईट बोलतो, पण त्यांचा पत्ता किंवा फोन द्यायला तयार होत नाही, त्याच्याशी करार करू नये, असे मी आता प्रत्येकाला सांगते.

आमच्या गृहस्थांचे पूर्वीचे भागीदार चिंचवडला राहतात. त्यांचीही नोंदणी लांबली होती आणि त्यांचेही डोमेन त्याच खासगी ईमेलवर होते. त्यांनी आपला करार काढून दाखवला, तेव्हा नावे आणि तारखा सोडल्या तर तो माझ्या कराराशी कलमागणिक जुळत होता. विसर्जन आणि हिशेबाचा दावा शिवाजीनगरच्या न्यायालयात चालू आहेच. शिवाय आर्थिक गुन्हे शाखेकडे दिलेल्या अर्जाला आम्ही या दोन्ही करारांच्या प्रती जोडल्या आहेत, कारण फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता हे दिसल्याखेरीज अशा तक्रारीकडे दिवाणी वाद म्हणूनच पाहिले जाते.