कूर्व्हर पद्धतीचं फुटबॉल प्रशिक्षण: मुलांना काय मिळतं, काय राहून जातं

कूर्व्हर पद्धतीचा सराव पहिल्यांदा बघणाऱ्या पालकांना हमखास प्रश्न पडतो, ही मुलं खेळणार कधी? मैदानावर जितकी मुलं तितके चेंडू. पास नाही, गोल नाही, नुसती पायांची टकटक. तरीही आठ ते बारा वर्षांच्या मुलाच्या पायाला चेंडूची सवय लावण्यासाठी याहून नीट बांधलेला अभ्यासक्रम सापडणं कठीण आहे. मात्र तो पुढच्या पायऱ्यांपर्यंत शिकवला जायला हवा. बहुतेक क्लासांचं घोडं तिथेच अडतं.

पद्धत कुणाच्या डोक्यातून आली हे कळलं की तिची रचना आपोआप उलगडते. विल कूर्व्हर यांचा जन्म 1924चा, नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या केर्कराडे या कोळसा खाणींच्या गावातला. खेळाडू म्हणून ते रॅपिड जेसीकडून खेळले आणि या संघाने 1956 साली डच अजिंक्यपद जिंकलं. पुढे याच क्लबच्या विलीनीकरणातून रोडा जेसी उभा राहिला. प्रशिक्षक म्हणून कूर्व्हरांचं सर्वांत मोठं वर्ष 1974. त्या हंगामात त्यांच्या हाताखालच्या फेयेनूर्ड या रॉटरडॅमच्या क्लबने डच लीग जिंकली आणि यूएफा कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही. अंतिम फेरीत टॉटनहॅमशी लंडनमध्ये 2-2 अशी बरोबरी झाली, मग रॉटरडॅममध्ये 2-0 असा विजय. हा कप जिंकणारा तो पहिला डच क्लब. त्यानंतर कूर्व्हर इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संघाकडे गेले. 1976च्या ऑलिंपिक पात्रता फेरीत तो संघ उत्तर कोरियाकडून पेनल्टींवर हरला आणि ऑलिंपिक थोडक्यात हुकलं.

युरोपातला कप हाती असलेला माणूस आणखी मोठा क्लब शोधतो. कूर्व्हर वळले ते मुलांच्या प्रशिक्षणाकडे. मोठ्या खेळाडूंच्या सामन्यांच्या फिल्म त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिल्या. स्टॅनली मॅथ्यूज, पेले, क्रॉइफ यांच्या हालचालींचे तुकडे पाडले आणि ते तुकडे कुठल्याही मुलाला क्रमाने शिकवता येतील असे मांडले. कौशल्य जन्मजात असतं, ते शिकवता येत नाही, हा समज त्यांना मान्यच नव्हता. 1984 साली आल्फ्रेड गॅलस्टियन आणि चेल्सीचा जुना विंगर चार्ली कूक यांनी या कामावर आधारित प्रशिक्षण संस्था सुरू केली. आज अनेक देशांत चालतं ते हेच रूप. कूर्व्हर 2011मध्ये वारले.

संस्थेच्या जुन्या मांडणीत सहा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. तळाला चेंडूवरची हुकमत, मग चेंडू घेणं आणि पास देणं, एकास एक झुकांड्या (म्हणजे समोरच्या एका डिफेंडरला चकवणं), वेग, गोल मारणं आणि सर्वांत वर गटाने आक्रमण. खरा माल खालच्या पायरीत आणि तिसऱ्या पायरीत आहे.

खालच्या पायरीचं सगळं बळ साध्या गोष्टींत आहे. चेंडू दोन पायांच्या मध्ये, आतल्या बाजूने डावा-उजवा-डावा-उजवा. तळव्याने चेंडूच्या डोक्यावर आळीपाळीने हलका स्पर्श. तळव्याने चेंडू मागे ओढून त्याच पायाच्या आतल्या बाजूने तिरका पुढे. तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती, एकूण दहा ते पंधरा मिनिटं. त्याहून जास्त केलं तर मुलं कंटाळतात आणि पाय आळशी होतात. चेंडू सारखा पुढे पळत असेल तर स्पर्श आतल्या बाजूऐवजी अंगठ्याने होतोय असं समजावं. गुडघे ताठ आणि टाचा जमिनीला टेकलेल्या असतील तर लय येतच नाही, वजन चवड्यांवर हवं. मान वर हा भाग सर्वांत उशिरा जमतो. त्यासाठी प्रशिक्षकाने बोटं उंचावून आकडा विचारायचा, मुलाने पाय न थांबवता सांगायचा.

झुकांड्यांचा भाग मात्र शिकवणाऱ्याची परीक्षा घेतो. क्रॉइफ टर्न, म्हणजे डच खेळाडू क्रॉइफची वळण्याची झुकांडी घ्या. 1974च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध जगाने तो पाहिला. उजव्या पायाने जोरात क्रॉस मारतोय असा आव आणायचा. डावा पाय चेंडूच्या शेजारी नाही, थोडा पुढे रोवायचा. मग उजवा पाय चेंडूवरून पलीकडे नेऊन आतल्या बाजूने चेंडू डाव्या पायाच्या मागून ओढायचा, डावीकडे वळायचं आणि लगेच तीन पावलं सुसाट. टेकलेला पाय मागे राहिला की चेंडू टाचेवर आदळतो, दहातली आठ मुलं इथेच अडकतात. खांदा आणि हात फिरले नाहीत तर आव खोटा पडतो आणि डिफेंडर जागचा हलत नाही. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वळण छान घेऊन तिथेच रेंगाळणं. झुकांडीची कमाई त्या तीन पावलांत आहे.

मॅथ्यूजची चाल शिकवतानाही अंतर सांगितलंच पाहिजे. आतल्या बाजूने चेंडू किंचित आत, खांदा त्याच बाजूला झुकलेला, मग त्याच पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू बाहेर. हे डिफेंडरपासून साधारण दीड-दोन मीटरवर करायचं. जवळ गेलात तर त्याचा पाय पोचतो, लांबून केलंत तर त्याला सावरायला वेळ मिळतो. मैदानावर ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूभोवती, म्हणजे कोनभोवती चाल घोटून घेणारा प्रशिक्षक हे अंतर शिकवूच शकत नाही, कारण कोन पाय टाकत नाही.

या पद्धतीवर होणारी मुख्य टीकाही हीच आहे आणि ती रास्त आहे. समोर प्रतिस्पर्धी नसताना केलेली हालचाल म्हणजे पाठांतर. झुकांडी कधी द्यायची आणि कधी मुकाट्याने पास द्यायचा, हे त्यातून येत नाही. नेदरलँड्समध्येच चार विरुद्ध चार असे छोटे सामने खेळवून शिकवण्याची दुसरी परंपरा आहे आणि तिची बाजू भक्कम आहे. दोन्ही एकाच तासात बसतात: पंधरा मिनिटं चेंडूवरची हुकमत, वीस मिनिटं साधारण 15 बाय 10 मीटरच्या चौकोनात एकास एक आणि उरलेला वेळ छोटे सामने. पूर्ण तास कोनांभोवती जात असेल तर अर्धे पैसे वाया चाललेत.

साहित्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. आठ वर्षांखाली 3 नंबरचा चेंडू, बारापर्यंत 4, पुढे 5. पाच नंबरचा चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा असतो, तो आठ वर्षांच्या मुलाला दिला की ते आतल्या बाजूने स्पर्श करायचं सोडून ढकलायला लागतं. नियमाप्रमाणे हवेचा दाब 0.6 ते 1.1 अ‍ॅटमॉस्फिअर चालतो. आपल्या टणक मातीच्या मैदानांवर या सरावासाठी तो खालच्या टोकाला ठेवावा, नाहीतर तळव्याखालचा चेंडू उसळून निसटतो. सिमेंटच्या कोर्टावर फुटसलचा, म्हणजे छोट्या कोर्टावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा, कमी उसळणारा चेंडू उत्तम. बूट लहान रबरी खुंट्यांचे, टर्फवाले घ्या. उंच स्टड चेंडूवर अडकतात आणि मूल तळव्याचे प्रकार टाळू लागतं. पावसाळ्यात चिखल झाला की हे व्यायाम सरळ छताखाली न्यावेत, चिखलात लय बिघडते आणि चुकीची सवय लागते.

क्लास निवडताना नाव बघून भुलू नका. कूर्व्हर हा शब्द आता सैल वापरला जातो आणि संस्थेचं प्रशिक्षण घेतलेला माणूस प्रत्यक्ष मैदानावर असेलच असं नाही. एक पूर्ण तास कडेला उभं राहून बघावं. प्रत्येक मुलाकडे स्वतःचा चेंडू आहे का? डाव्या पायाला उजव्याइतकाच वेळ मिळतो का? चूक झाल्यावर प्रशिक्षक नुसतं "परत कर" म्हणतो, की टेकलेला पाय कुठे हवा ते सांगतो? एकास एकमध्ये बचाव करणाऱ्या मुलाला खरोखर चेंडू हिसकावू देतात का? पोरांची रांग लागलेली दिसली तर दुसरीकडे चौकशी करा, रांगेत उभं राहून पाय शिकत नाहीत.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी स्पर्धात्मक संघात खेळत असेल, तर हा पूर्ण अभ्यासक्रम लावण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं घरच्या अंगणात पुरतात, त्यातही कच्चा पाय जास्त. गोलकीपरने मात्र हे सोडू नये. 1992च्या नियमबदलापासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू त्याला हाताने उचलता येत नाही. पहिल्या दोन पायऱ्या त्यालाही बाकीच्यांइतक्याच लागतात, तरी सरावाच्या वेळी हातमोजे घालून त्याला वेगळं काढलेलं असतं.