दंडघेर, वजन की उंची? वस्तीतली मुलं तपासायला निघण्याआधी

मानखुर्दच्या एका महिला मंडळाच्या ताईंनी मध्यंतरी फोन केला होता. त्यांना आपल्या वस्तीतली पाच वर्षांखालची सगळी मुलं कुपोषणासाठी तपासायची होती. वर्गणी थोडीच जमली होती. त्यात वजनकाटा घ्यावा, उंची मोजायचा बोर्ड घ्यावा, की दंडाचा घेर मोजायच्या तीन रंगांच्या पट्ट्या पुरतील, असा त्यांचा प्रश्न होता. फोनवर मी घाईत जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून इथे नीट लिहिते.

आधी एक उदाहरण. समजा दोन मुली आहेत, दोघींना दोन वर्षं पूर्ण व्हायला दोन-चार दिवस कमी, दोघींचं वजन ९.१ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीसाठी धोक्याची रेषा ९ किलोला आहे. नुसत्या वजनावर दोघी पास. आता दोघींना बोर्डावर झोपवून लांबी घेतली. पहिली ७८ सेंटिमीटर भरली. दोन वर्षांच्या मुलीची लांबी ८० च्या खाली गेली की ती खुजी धरतात. तिचं वजन तिच्या उंचीला पुरेसं आहे, पण बरेच महिने, कदाचित आईच्या पोटात असल्यापासून, तिला अन्न कमी पडत आलं आहे. दुसरी भरली ८६, म्हणजे उंचीला अगदी व्यवस्थित. पण एवढ्या उंचीच्या मुलीला ९.१ किलो फार कमी. ती लुकडी झाली आहे. अंगणवाडीच्या भाषेत मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित. काट्यावर दोघींचा आकडा एकच होता, आणि दोघींची गरज मात्र वेगळी आहे. म्हणून साधन निवडण्याआधी आपल्याला नेमकी कोणती मुलं शोधायची आहेत, हे ठरवायला हवं.

वजन घ्यायला सोपं आहे आणि आयांनाही ते समजतं. पण एकदाच घेतलेल्या वजनावरून फारसं काही कळत नाही, हे वरच्या दोन मुलींवरून दिसलंच. दर महिन्याला घेऊन माता बाल संरक्षण कार्डावर रेषा काढली तर वजनासारखं दुसरं माप नाही. दहा महिन्यांच्या बाळाचं वजन सलग दोन महिने तेवढंच राहिलं, तर ते अजून ‘सर्वसाधारण’ पट्ट्यात असलं तरी मी त्याच्या घरी जाते. अडचण वयाची. गावाहून नुकत्याच आलेल्या कुटुंबाकडे जन्मदाखला नसतो, ‘होळीच्या आसपास झाला’ एवढंच आईला आठवतं. लहान बाळाच्या वयात दोन महिन्यांची चूक झाली तर पूर्ण वर्गवारी बदलते. आणि वजन घेताना कपडे, कडं, वाळे काढायचेच. आई रागावेल म्हणून राहू देऊ नका.

उंचीबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. दोन वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, त्यावरचं उभं करून. झोपवून घेतलेलं माप उभ्या मापापेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटरने जास्त येतं, म्हणून कोणतं कसं घेतलं ते लिहून ठेवावं लागतं. दोन माणसं लागतात: एक डोकं धरायला, एक गुडघे सरळ दाबायला. दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे लादी मोरीकडे उतरती आहे, तिथे बोर्ड सपाट बसत नाही. मूल रडतं, पाय आखडतं. सेंटिमीटरभराचा फरक सहज पडतो, आणि या वयात एक सेंटिमीटर म्हणजे अपेक्षित वजनात सुमारे २०० ग्रॅमचा फरक. रेषेवरचं मूल तेवढ्याने सॅममधून, म्हणजे तीव्र कुपोषितातून, मॅममध्ये जातं.

तरीही उंची टाळता येत नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के लुकडी आढळली. हे दोन्ही आकडे उंची घेतल्याशिवाय निघालेच नसते. अंगणवाडीत सॅम-मॅम ठरतं तेही उंचीनुसार वजनावर. फक्त मंडळाच्या एका रविवारच्या तपासणीत खुजेपणा शोधून त्या मुलाला लगेच काही देता येत नाही. महिनाभराच्या खाऊने उंची वाढत नाही. तो आकडा गरोदर बायांच्या आहारासाठी, पाण्यासाठी, संडासांसाठी वॉर्ड ऑफिसात भांडायला उपयोगी.

आता पट्टी, म्हणजे दंडघेर. साठच्या दशकाच्या शेवटी नायजेरियातल्या बियाफ्राच्या युद्धात दंडघेर आणि उंची जोडून पाहणारी काठी वापरली जात होती. वजनकाटे घेऊन फिरणं तिथे शक्य नव्हतं. पुढे १९७४ च्या सुमारास शाकिर आणि मॉर्ले या बालरोगतज्ज्ञांनी रंगीत पट्टीची कल्पना मांडली. एक ते पाच वर्षांत दंडाचा घेर फार थोडा वाढतो, म्हणून सहा महिने ते पाच वर्षं सगळ्यांना एकच मर्यादा चालते: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळा, त्यावर हिरवा. वयाचा दाखला नको, तक्ता नको.

पण रंग बदलायला इथे एका सेंटिमीटरचाच पल्ला आहे, म्हणून हात बसायला हवा. डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. मग हात सरळ, सैल सोडायचा आणि तेव्हाच पट्टी गुंडाळायची. दंडावर ताईत किंवा काळा दोरा असेल तर सरकवायचा. पट्टी चामडीत रुतायला नको, खाली फट राहायला नको. सुरुवातीच्या दिवसांत मी हात वाकवलेलाच ठेवून मोजलं आणि एक मुलगा हिरव्यात गेला. पंधरवड्याने नीट मोजला तेव्हा तो पिवळ्यात होता. ते पंधरा दिवस मला अजून टोचतात.

मुंबईच्या पावसाळ्यात पट्टीचा आणखी एक फायदा दिसतो. जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की वजन झपकन उतरतं आणि उंचीनुसार वजनाचा हिशेब फसतो. दंडघेर त्याने तेवढा हलत नाही. शिवाय आईला दहा मिनिटांत ही पट्टी शिकवता येते. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये आयांच्या हाती ती देऊन पाहिली आहे आणि त्यांचं मोजमाप कार्यकर्त्यांच्या तोडीचं आलं.

उणीव मोठी आहे आणि ती लपवू नये. पट्टी आणि उंचीनुसार वजन ही दोन मापं बऱ्याचदा वेगवेगळी मुलं पकडतात. पट्टीत लहान वयाची, कमी उंचीची जास्त येतात. तीन-चार वर्षांचं उंच, काटकुळं मूल हिरव्यात सुटून जातं. आपल्या देशात तर उंचीनुसार वजनात सापडणारी कितीतरी मुलं पट्टीत दिसतच नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळांना ही ११.५ ची मर्यादा लावूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या बाळांसाठी ११ सेंटिमीटर सांगितली आहे. त्याबरोबर वजन आणि अंगावरचं दूध नीट चालू आहे का, हे पाहायचं.

आणि एक तपासणी जिला काहीच विकत घ्यावं लागत नाही. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर ते मूल तीव्र कुपोषित धरायचं, पट्टी हिरवी असली तरी आणि काट्यावर वजन छान दिसत असलं तरी. ते वजन सुजेचं असतं.

तर ताई, माझं मत असं: वर्गणीतून पट्ट्या घ्या, बोर्ड घेऊ नका. काटा आणि बोर्ड अंगणवाडीत आहेत, आणि सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये नोंद तिथल्याच वजन-उंचीची होते. रविवारी दारोदार दंडघेर आणि पाय तपासा, कार्डावरची वजनाची रेषा बघा. पट्टी पिवळी आलेलं मूल, आणि पट्टी हिरवी आली असली तरी रेषा थांबलेलं किंवा डोळ्यांनाच वाळलेलं दिसणारं मूल, या सगळ्यांना त्याच आठवड्यात सेविकाताईंकडे वजन-उंचीला न्या. लाल आलं तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. पायावर सूज, ताप, ग्लानी असेल किंवा मूल दिलेला घास तोंडात घेत नसेल तर थेट मोठ्या रुग्णालयात. सायन रुग्णालयाच्या धारावीतल्या नागरी आरोग्य केंद्रात अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रही आहे.

घरकामाला जाणाऱ्या आईची रुग्णालयात गेलं की एक खाडा पडतो, आणि मागे दुसरं मूल कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न असतो. तेव्हा पट्ट्या आणायच्या आधीच मंडळातल्या दोघींची नावं ठरवा: एक तिच्याबरोबर जाईल, एक घरच्या मुलाला सांभाळेल.