पाच कप्प्यांची अभ्यासपेटी: छापील संच की कोरी कार्डं?

नाशिकमध्ये मेन रोडला किंवा कॉलेज रोडला स्टेशनरीच्या दुकानात ‘अभ्यासाची कार्डं’ मागितली की दोन गोष्टी पुढ्यात येतात. एक, प्रश्न-उत्तरं छापलेला तयार संच. दुसरी, कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि पाच कप्पे केलेल्या खोक्यात, म्हणजे अभ्यासपेटीत, ती ठेवून ठरावीक दिवसांनी उजळणी करायची. पाचवी ते दहावीच्या मुलांनी आपापला अभ्यास आपण करायला शिकावं, एवढ्या एकाच निकषावर इथे दोन्ही पारखले आहेत. कोरा गठ्ठा घ्या. छापील संच कितीही देखणा असला तरी तो मुलाच्या हातून अर्धं काम काढून घेतो. धडा वाचून ‘यात विचारण्यासारखं काय आहे’ हे ठरवणं, तेच ते काम.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कितीतरी घरांत संध्याकाळी मूल एकटंच अभ्यासाला बसतं. आई-बाबा येईपर्यंत धडा तीनदा वाचून होतो आणि ‘झाला अभ्यास’ असं उत्तर मिळतं. मूल खोटं बोलत नसतं. वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. पेटीचा सगळा उपयोग या आठवड्यानंतरच्या फरकात आहे.

पद्धत जुनी आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने ती १९७२ मध्ये मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. शाळेच्या वेळापत्रकात बसेल असा क्रम सांगायचा तर पहिला कप्पा रोज, दुसरा सोमवारी आणि गुरुवारी, तिसरा रविवारी, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. दिवसाला पाच नवी कार्डं, आठवड्यात सहा दिवस. या वेगाने महिना-दीड महिन्यात रोजची उजळणी सरासरी पंचवीस-तीस कार्डांवर स्थिरावते. पंधरा-वीस मिनिटांचं काम, सोमवारी-गुरुवारी थोडं जास्त.

सामानाबद्दल. कार्डशीट २०० ते २५० जीएसएमची (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन; आकडा मोठा तर कागद जाड) घ्या. वहीच्या कागदावर मागचं उत्तर पुढून दिसतं आणि सगळा खेळच संपतो. ए-फोर शीट तीनदा निम्मी केली की आठ कार्डं मिळतात, प्रत्येक साधारण १०५ बाय ७४ मिलिमीटर, आणि एक चिंधीही वाया जात नाही. शंभर कार्डांना तेरा शीट पुरतात. कटिंग मशीन असलेल्या दुकानातून कापून घ्या. घरच्या कात्रीने कडा वाकड्या होतात आणि कार्डं चाळताना अडकतात. पेटी म्हणून बुटांचं खोकं चालतं. आतली रुंदी अकरा सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि कप्प्यांचे पुठ्ठे कार्डांपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच हवेत, म्हणजे त्यांच्या डोक्यावर वार लिहिता येतात. लिहायला बॉलपेन किंवा पेन्सिल. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जेलपेनची शाई पसरते. त्याच हवेत कार्डं वाकतात, म्हणून खोकं खिडकीपाशी ठेवू नका. छापील संचांत अनेकदा गुळगुळीत लॅमिनेशन असतं. त्यावर पेन्सिल उठत नाही, म्हणजे मुलाला स्वतःची भर घालायची सोयच उरत नाही.

खरी मेख कार्ड लिहिण्यात आहे. आठवीच्या सामान्य विज्ञानातला ‘बल व दाब’ हा धडा घ्या. बहुतेक मुलं पहिलं कार्ड लिहितात: ‘दाब म्हणजे काय?’ मागे व्याख्या, जशीच्या तशी. ती चार दिवसांत घोकून होते आणि कार्ड सरसर पुढे सरकतं. तेच कार्ड असं लिहून बघा: ‘तेवढ्याच जोराने ठोकला तरी टोकदार खिळा लाकडात शिरतो, बोथट शिरत नाही. का?’ आता बल तेच आहे, क्षेत्रफळ कमी झालं, म्हणून दाब वाढला, हे मुलाला जुळवावं लागतं. तिसरं कार्ड गणिताचं: १०० न्यूटन बल, ०.५ चौरस मीटर क्षेत्रफळ, दाब किती? मागे २०० पास्कल आणि एका ओळीत रीत. एका कार्डावर एकच प्रश्न. दोन घातले की एक येतो, एक येत नाही आणि कार्ड कुठे ठेवायचं तेच कळत नाही. मागच्या कोपऱ्यात पुस्तकाचा पान क्रमांक हवाच. चुकीचं उत्तर लिहिलेलं कार्ड ही या पेटीतली सगळ्यात घातक वस्तू, कारण चूकच पक्की पाठ होते. आठवड्यातून एकदा शिक्षकांनी किंवा घरातल्या कोणी पाचच कार्डं पुस्तकाशी ताडून बघावीत.

पेटी बंद पडते ती बहुधा दोन कारणांनी. पहिल्या रविवारी हौसेने साठ कार्डं लिहिली जातात, बुधवारपर्यंत पहिला कप्पा फुगतो, गुरुवारी खोकं कपाटावर जातं. म्हणून पाचाची मर्यादा पहिले दोन महिने मोडू नका. दुसरं कारण मोठ्यांचं. आई प्रश्न विचारते, मूल तिच्या चेहऱ्याकडे बघत उत्तर देतं, आणि आई नसेल त्या दिवशी पेटी उघडतच नाही. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलानेच ठरवायचं. ‘हे तर येतच होतं’ अशी पळवाट राहू नये म्हणून कार्ड उलटण्याआधी उत्तर रफ वहीत लिहायचं, मग ताडायचं. एवढी एक सवय लागली तरी पेटीचे पैसे वसूल.

तीनदा चुकलेलं कार्ड पुन्हा घोकू नये. तिथे धडाच समजलेला नसतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अॅपने स्कॅन केला की धड्याशी जोडलेलं साहित्य उघडतं. पण दर कार्डाला मोबाईल हातात आला तर अभ्यास तिथेच संपतो. अशी कार्डं रबर लावून बाजूला ठेवा आणि रविवारी एकदम बघा.

गणितात ही पेटी थोडी अपुरी पडते, हे स्पष्ट सांगायला हवं. आख्खं उदाहरण कार्डावर घातलं की आकडेच पाठ होतात. ‘या उदाहरणात पहिली पायरी कोणती, आणि का?’ एवढंच विचारावं. सराव वहीतच करायचा.

आणि दहा-पंधरा कार्डं वेगळ्या रंगाची आवर्जून घ्या, मागची बाजू कोरी ठेवण्यासाठी. त्यांवर मुलाला पडलेले प्रश्न. उदाहरणार्थ: ‘गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र जवळ, मग ती पार बंगालच्या उपसागराकडे का जाते?’ उत्तर लगेच सांगून टाकू नका. नकाशा काढू द्या, सह्याद्रीची रांग आणि पठाराचा पूर्वेकडचा उतार त्यालाच सापडू द्या. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय गावात आहे, तिथे घेऊन जा. एका कार्डाला महिना लागला तरी चालेल. छापील संचात असं कार्ड असूच शकत नाही, कारण प्रश्न कोणाला पडला हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं.

मोठ्यांनी किती लक्ष घालायचं? पहिले दोन आठवडे शेजारी बसा, पण कार्ड लिहू नका. तिसऱ्या आठवड्यात फक्त रविवारी बसा. चौथ्यापासून ती पाच कार्डं ताडण्यापुरती पेटी मागून घ्या, बाकी तिला हात लावू नका. मधे दोन दिवस चुकले तर राहिलेली कार्डं एका बैठकीत उरकायला लावू नका. त्या दिवशी फक्त पहिला कप्पा करायचा आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचा क्रम धरायचा.