पंधरवडा नक्की किती दिवसांचा? पगाराच्या सॉफ्टवेअरबरोबरचं दीड वर्ष

माझा छोटा छापखाना आहे. माणसं तेवीस: सोळा जण तासांवर, सात जण ठरलेल्या पगारावर. पूर्वी महिन्यातून एकदा पगार व्हायचा आणि सगळा हिशेब वहीत असायचा. वीस तारीख उलटली की रोज कोणीतरी टेबलासमोर येऊन उभं राहायचं, "ताई, थोडी उचल मिळेल का?" उचलीचा हिशेब पगाराच्या हिशेबापेक्षा मोठा झाला, तेव्हा दर महिन्याला वर्गणी भरायचं एक ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

पहिल्याच पानावर ते विचारतं, पगार केव्हा? पर्याय चार: दर आठवड्याला, दर दोन आठवड्यांनी, महिन्यातून दोनदा, महिन्यातून एकदा. मी मनात म्हटलं पंधरवडा, आणि दुसरा पर्याय निवडून पुढे गेले. दोन मिनिटंही लागली नसतील. ते निस्तरायला सहा महिने लागले.

आपण दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाला सरसकट पंधरवडाच म्हणतो. पण दर दोन आठवड्यांनी म्हणजे वर्षाला २६ पगार आणि महिन्यातून दोनदा म्हणजे २४. पहिल्यात वार पक्का असतो, तारीख सरकत जाते. दुसऱ्यात तारीख पक्की, वार कुठलाही. फरक कळला तो आमच्या मशीन चालवणाऱ्या दादांमुळे. खरे आकडे देत नाही, गणिताला सोयीचे घेते. वर्षाला १,५६,००० ठरले, म्हणजे महिन्याला १३,०००, म्हणून त्यांच्या डोक्यात अर्ध्या महिन्याचे ६,५००. हातात आले ६,०००. "ताई, पाचशे कुठे गेले?" कुठेच गेले नव्हते. वर्षात दोन महिने असे येतात की त्यांत तीन पगार पडतात, आणि ते दोन जादाचे ६,००० म्हणजेच बारा महिन्यांचे हजार हजार. कागदावर मांडून दाखवलं. पटलं, पण नाराजी गेली नाही. घरखर्च महिन्यावर चालतो, त्याला २६ने भागून उपयोग काय?

तीन पगारांचा पहिला महिना आला तेव्हा मला घाम फुटला. आमचे ग्राहक बिल दिल्यावर पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतात, कागदवाल्याचं देणं आणि जागेचं भाडं महिन्याच्या महिन्याला, आणि मधेच हा तिसरा पगार. सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरवर तो दाखवलेला होता, नाही असं नाही. मोहरीएवढ्या करड्या ठिपक्याने.

त्याच महिन्यात दुसरा घोळ. चौघांच्या कर्जाचा मासिक हप्ता अर्धा अर्धा करून दोन पगारांत कापला जायचा. सॉफ्टवेअरने तिसऱ्या पगारातही कापला. 'प्रत्येक पगारात' आणि 'महिन्यातून दोनदाच' असा एक खटका आहे म्हणे, पण तो कपातीच्या पानावर नाही, कंपनीच्या सेटिंगमध्ये चार पानं आत. मदतकेंद्रातली मुलगी गोड बोलायची. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तिने मला पासवर्ड बदलायला सांगितला. खटका शेवटी मीच शोधला.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. यात माणसांचे वेगवेगळे गट करून प्रत्येक गटाला वेगळं वेळापत्रक देता येतं. तासांवरच्या सोळा जणांना दर दोन आठवड्यांनीच ठेवलं. त्यांचा ओव्हरटाइम आम्ही आठवड्यावर मोजतो. १५ तारखेला पगाराचा काळ संपला आणि ती बुधवारी आली, तर आठवडा मधोमध चिरला जातो आणि ओव्हरटाइम अर्धा या पगारात, अर्धा त्या पगारात अशी ओढाताण होते. चौदा दिवसांत दोन आठवडे पुरे बसतात. ठरलेल्या पगाराच्या सात जणांना महिन्यातून दोनदावर नेलं. दादांना आता दर वेळी ६,५०० दिसतात.

हा बदल करताना मात्र सॉफ्टवेअरने दगा दिला. जुना काळ ११ तारखेला संपला, नवा १६ला सुरू झाला. १२ ते १५ हे चार दिवस कुठल्याच पगारात नव्हते आणि पडद्यावर साधी सूचनाही नाही. वहीची सवय सुटली नव्हती म्हणून ताळा करताना सापडले. सात जणांना चार दिवसांचा वेगळा पगार काढला. वेळापत्रक बदलणार असाल तर जुन्याचा शेवटचा दिवस आणि नव्याचा पहिला दिवस हाताने लिहून शेजारी शेजारी ठेवा.

हजेरी शनिवारी बंद होते, पगार पुढच्या शुक्रवारी. मधले सहा दिवस मला पुरतात. सुरुवातीला बुधवारी बंद करून शुक्रवारी द्यायचा हट्ट केला होता आणि प्रत्येक पगारानंतर दुरुस्तीचा पगार काढावा लागत होता. पगाराच्या दिवशी बँक बंद असेल तर सॉफ्टवेअर आपणहून पगार पुढच्या दिवशी ढकलतं. ते 'आदल्या दिवशी' करून घ्या. उशिरा आलेला एक पगार माणसं वर्षभर विसरत नाहीत.

पाच वर्षांचं कॅलेंडर उघडलं की २७ पगारांचं वर्ष ते लाल रंगात दाखवतं, आणि हे मला सगळ्यात आवडलं. २६ गुणिले १४ म्हणजे ३६४, दर वर्षी एखादा दिवस उरतो, लीप वर्षात दोन, आणि ते साठत साठत साधारण अकरा वर्षांतून एकदा सत्ताविसावा पगार पडतो. तासांवरच्यांना फरक नाही, काम केलं त्याचे पैसे. पण वार्षिक पगार २६ने भागून देणाऱ्याने त्या वर्षी एक पगार जास्त द्यायचा की २७ने भागून दर पगार कमी करायचा, हे आधी ठरवून माणसांना सांगायला हवं. माझे सात जण त्यातून सुटले, निव्वळ नशिबाने.

उचल मागणारे आता महिन्याला दोघं-तिघं उरलेत. पाचपैकी साडेतीन तारे. नूतनीकरण एकाच वर्षाचं केलं. तीन वर्षांचं घेतलं तर सवलत होती, पण तो कपातीचा खटका अजून चार पानं आतच आहे.