घर घेण्याआधी वणव्याची तपासणी करून घेतली: कॅमरन पार्कचा अनुभव (५ पैकी ४.५)

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पूर्वेला फॉल्सम, एल डोराडो हिल्स, कॅमरन पार्क, प्लॅसरव्हिल या बाजूला घर बघणाऱ्या सगळ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा कारण आम्ही जवळजवळ फसलो होतो.

सहा वर्षं फॉल्सममधे भाड्याने राहून आम्ही शेवटी घर बघायला लागलो. फॉल्सममधे जेवढ्यात तीन बेडरूम मिळत होत्या तेवढ्यातच कॅमरन पार्कला चार बेडरूम, अर्धा एकर जागा आणि मागे ओकची मोठी झाडं, १९८८ चं बांधकाम. नवरा पहिल्याच दिवशी प्रेमात पडला. एवढं स्वस्त कसं म्हणून मी विचारलं तर विकणाऱ्याचा एजंट म्हणाला इन्शुरन्सचं थोडं बघावं लागेल पण होऊन जातं सगळ्यांचं. तर ते तसं होऊन जात नाही.

आमच्या गाडीचा विमा ज्यांच्याकडे आहे त्यांनी पत्ता ऐकूनच नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्या कंपनीनेही तेच. मग राहिला फेअर प्लॅन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही कॅलिफोर्नियात १९६८ पासून असलेली शेवटच्या पर्यायाची योजना आहे, कोणीच विमा देत नसेल तर इथे जायचं. घरासाठी जास्तीत जास्त ३० लाख डॉलरचं कव्हर मिळतं पण ते मुख्यतः आग, धूर, वीज पडणं यांचं. पाइप फुटला, चोरी झाली, पाहुणा जिन्यावरून पडला यातलं काही त्यात बसत नाही, त्यासाठी डीआयसी (डिफरन्स इन कंडिशन्स) नावाची दुसरी पॉलिसी वेगळी घ्यायची. दोन्ही मिळून आम्हाला वर्षाचे ८,१०० डॉलर सांगितले, फॉल्सममधल्या मैत्रिणीचे जातात २,१००.

आता हिशोब बघा. ६,००० चा फरक म्हणजे महिन्याला ५००. बँक कर्ज देताना हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा सगळं एकत्र धरते, म्हणजे हे ५०० आपल्या कर्जाच्या ऐपतीतून जातात. साडेसहा टक्क्याने ३० वर्षांच्या कर्जात महिना ५०० म्हणजे साधारण ७९ हजार डॉलरचं कर्ज. घर स्वस्त दिसत होतं ते एवढ्यामुळे! आणि विमा नाही तर कर्ज नाही, म्हणजे पुढे आपण विकायला काढू तेव्हा घेणाराही याच दारात अडकणार.

अशात ऑफिसमधल्या एकीने वणव्याची तपासणी करणाऱ्या या गृहस्थांचं नाव सुचवलं. त्यांचं नाव इथे जाहीर टाकत नाही, मेसेज करा, देते. गृहस्थ निवृत्त फायरफायटर, २०२१ च्या कॅल्डर वणव्यात ते कामावर होते, ग्रिझली फ्लॅट्स या गावाचा मोठा भाग जळला तो वणवा, आमच्याच काउंटीतला. फी ४२५ डॉलर. नेहमीच्या होम इन्स्पेक्टरपेक्षा हे वेगळं, ते प्लंबिंग आणि वायरिंग बघत नाहीत, फक्त आग या घरात कुठून शिरेल एवढंच बघतात.

आले तेच गुडघ्यावर बसले. भिंतीच्या तळाशी हवेसाठी जाळी असते ना, तिच्यात खिशातली पेन्सिल घालून बघितलं, पेन्सिल आरपार आत! म्हणाले घरं बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाहीत, वाऱ्याबरोबर मैलभर लांबून उडत येणाऱ्या ठिणग्यांनी पेटतात आणि ही जाळी त्यांना आत यायला वाट आहे, जाळीचं भोक एक अष्टमांश इंचाहून मोठं नको. मग शिडी लावून पन्हळीत हात घातला आणि मूठभर वाळका पाला काढून माझ्या हातात दिला, कुस्करला तर पीठ झालं त्याचं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ज्युनिपरचं झुडूप, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण, डेकखाली रचलेला सरपणाचा ढीग, एकेक दाखवत गेले. घराला लागून पाच फुटांत पेटेल असं काहीच नको, लाकडाचा चुरा पण नको, खडी टाका म्हणाले. अडीच तास होते, मुलीच्या सगळ्या प्रश्नांना पण न कंटाळता उत्तरं दिली.

सगळ्यात उपयोगी वाटलं ते हे की त्यांनी नकाशा नीट समजावला. कॅल फायरच्या (राज्याच्या अग्निशमन खात्याच्या) वणव्याच्या धोक्याच्या नकाशात आमचा रस्ता 'व्हेरी हाय' मधे आहे, पण तो नकाशा उतार, झाडोरा, हवा यावरून धोका सांगतो, तुमच्या घराला कुठली जाळी आहे हे त्याला माहीत नसतं. विमा कंपन्यांचा आपल्या घराच्या वणव्याच्या धोक्याचा स्कोअर वेगळा असतो आणि २०२२ च्या नियमाप्रमाणे तो त्यांनी आपल्याला सांगावा लागतो, पटला नाही तर अपील करता येतं, आणि घर सुरक्षित केलं तर सवलत पण द्यावी लागते. हे आम्हाला एकाही एजंटने सांगितलं नव्हतं. शिवाय हाय किंवा व्हेरी हाय झोनमधलं २०१० च्या आधीचं घर असेल तर असल्या कच्च्या जागा विकणाऱ्याने आधी लेखी कळवायच्या असतात.

रिपोर्ट फोटोंसकट २६ पानांचा. तो पुढे ठेवून आमच्या एजंटने २२ हजार कमी करून घेतले. जाळ्या, कुंपणाचा शेवटचा तुकडा काढून लोखंडी, खडी, झाडं छाटणं याला ११ हजारांच्या आसपास गेले. प्रीमियम किती उतरला? वर्षाला ९०० च, खोटं कशाला सांगू. तपासणी केली म्हणजे विमा स्वस्त होईल या आशेवर जाऊ नका, किंमत ठरवताना हातात काहीतरी ठोस असतं हा खरा फायदा.

एजंट जुन्या विक्रीचे आकडे दाखवेल तर तारखा बघा. मे २०२३ मधे स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांचे नवीन अर्ज घेणं थांबवलं, त्याआधीची विक्री आणि आत्ताची विक्री डोंगराच्या बाजूला एका तराजूत तोलता येत नाही. आणि वणव्यानंतर आसपासची न जळलेली घरं उलट महाग होऊ शकतात हेही लक्षात घ्या. २०१८ ला पॅराडाइज हे गाव वणव्यात जळल्यावर हजारो लोक शेजारच्या चिकोमधे आले आणि तिथे घरं मिळेनात. माझी नणंद पासाडेनात असते, जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यानंतर तिच्या ओळखीचं एक कुटुंब भाड्याचं घर शोधत होतं, आणीबाणीत भाडं १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही असा कायदा असूनही घरमालक भलतेच आकडे सांगत होते. बेघर झालेल्या माणसाला असं लुबाडणं बघून फार वाईट वाटलं.

अर्धा मार्क का कापला, तर रिपोर्ट यायला सहा दिवस लागले. आमची अटींची मुदत (त्यात सौदा सोडून डिपॉझिट परत घेता येतं) १७ दिवसांची होती म्हणून निभावलं, घाईचा सौदा असेल तर ऑफर द्यायच्या आधीच त्यांची तारीख घेऊन ठेवा. आणि ऑफरमधे विम्याची अट घालाच, परवडेल असा विमा मिळाला नाही तर डिपॉझिट परत मिळालं पाहिजे.

राहायला आल्यावर एकदा परत येऊन बघतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्याकडे ऑक्टोबरमधे आले तेव्हा दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं होतं आणि वर दसऱ्याचं झेंडूचं तोरण, पार वाळून गेलेलं. त्यांनी दोन्हीकडे बोट दाखवलं. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या, मी घाबरत घाबरतच सांगितलं की तोरण उतरवायला सांगतायत. त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे डोंगराला वणवा लागला की माणसं ओल्या फांद्या घेऊन झोडपायला पळतात, मला काय शिकवतेस, काढ ते." दिवाळीला त्यांनी ताज्या फुलांचं केलं आणि भाऊबीज झाल्या झाल्या स्वतः स्टुलावर चढून उतरवलं.